दौलत पेंटरची चार घरं

माझी बायको राजव्वा गेली त्याला आठ महिने झाले. तेरवी आटोपल्यावर सून भांडी घासता घासता म्हणाली, "बाबा, आई तं नदीपलीकडच्या. तेलुगूवाल्या. तुमाले तेलुगू येत नव्हती, त्यायले मराठी येत नव्हती. मंग पहिले पहिले तुमी दोघं बोलत कशात होते?"

मी म्हणालो, "दौलतमध्ये."

तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं सरकलं. म्हणून हे लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला, कापसाच्या जिनात हमाली केलेला माणूस आहे. राजव्वाबद्दल लिहायला दोनदा बसलो, जमलं नाही. दौलतबद्दल जमेल, कारण त्याचा मी गुन्हेगार आहे आणि गुन्हा माणसाला बरोबर आठवतो.

दौलत पेंटर उमरखेडच्या जिनात गठाणीवर मार्का मारायचा. सरकी काढलेली रुई दाबून गठाण बांधतात, वरून बारदान शिवतात, आणि बारदानावर जिनाचा मार्का आणि नंबर काळ्या रंगात उठवावा लागतो. अक्षरं कापलेला पत्रा ठेवायचा आणि दाढीच्या जुन्या ब्रशनं रंग ठोकायचा. काम दिवसाला दोन-तीन तासांचं. बाकीचा वेळ तो गठाणीवर पाय लोंबकळत सोडून बसायचा आणि आमच्याकडं बघायचा. नुसतं बघायचा. कोण कोणत्या खांद्यावर ओझं घेतो, कोणती बाई चालताना पदर कुठं खोचते, हे त्याला पाठ होतं.

त्याच्याकडं जांभळी पेन्सिल असायची. जिभेवर ओली केली की शाईसारखी उठणारी. त्यामुळं त्याची जीभ बारा महिने जांभळी. हंगामाला नवीन आलेल्या बाया एकमेकींना विचारायच्या, "याले नागानं चावलं काय व?" तो मुद्दाम जीभ काढून दाखवायचा.

एकदा एका व्यापाऱ्यानं गादीच्या मागच्या भिंतीवर लक्ष्मी काढून मागितली. दौलत नाही म्हणाला. व्यापारी तापला. दौलत म्हणाला, "शेटजी, देवाचं चित्र चुकलं तं देव काही म्हणत नाही. माणसाचं चुकलं तं थो भांडाले येते. मले भांडणारं गिऱ्हाईक पायजे." आम्ही हसलो. त्या बोलण्याचा पुढं काय अर्थ निघणार आहे हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

तो दारव्ह्याकडचा. कुणब्याचं घर, भाऊ शेती करत. हा वावर सोडून टुरिंग टॉकीजच्या तंबूमागं पोस्टरं रंगवत फिरला, तेव्हा भावांनी त्याचं नाव टाकलं. 'मेला तं कळवा' असा निरोप त्यांनी एकदा पाठवला होता. तो निरोप त्यानं आम्हाला हसत सांगितला. उमरखेडात त्याचं म्हणावं असं माणूस कोण, तर मी.

माझं लग्न छप्पन साली झालं. आमची जात पैनगंगेच्या दोन्ही अंगाला आहे. अलीकडचे आम्ही मराठी बोलतो, पलीकडं खाली गेलेले तेलुगू. मामानं सोयरीक जमवली. भाषेचं काय, असं कोणी विचारलं नाही. त्याच वर्षी सरकारनं भाषेवर राज्यं पाडली. आमचा मुलूख मुंबईला जोडला, राजव्वाचा आंध्रात गेला. दौलत मला म्हणाला, "नरसू, लेका, सरकारनं भाषेभाषेच्या वाटण्या केल्या, अन् तू उलटा पलीकडची उचलून घेऊन आला."

हसण्यासारखं काही नव्हतं. राजव्वा जेवायची नाही. ताटावर बसायची, अर्धी भाकर मोडायची आणि उठायची. माय म्हणायची, "पोरीले माज हाय." मी ओरडलो तर ती नुसती बघायची. मी काय ओरडलो हेच तिला कळत नव्हतं. पोरगी वाळून चालली होती.

एका दुपारी दौलत घरी आला. टॉकीजची एक गुलाबी जाहिरात पालथी टाकली आणि पाठीमागं चार चौकटी आखल्या. चौकटीला तो 'घर' म्हणायचा. पहिल्या घरात एक पोरगी आपल्या मायजवळ जेवायला बसलेली, पुढं ताट रिकामं. पेन्सिल त्यानं राजव्वासमोर ठेवली.

"तिले काय लिहता येते?" माय म्हणाली.

"लिहाचं नाही, मावशी. बोलू नको, दाखव, बस."

हे त्याचं ब्रीदवाक्य. बोलू नको, दाखव. राजव्वानं जन्मात पेन्सिल धरली नव्हती. बऱ्याच वेळानं तिनं ती मुठीत धरली आणि त्या रिकाम्या ताटात ठिपके मारले. खूप ठिपके.

माय म्हणाली, "पाय, ताटात खडे काढले!"

"मावशी, थो भात होय," दौलत म्हणाला.

आमच्या घरात भात सणाला शिजायचा. तिनं जन्मभर दुसरं खाल्लं नव्हतं, ज्वारीनं तिचं पोट दुखायचं. इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही तिला दोन महिने माजोरी ठरवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तांदूळ आणले. ती जेवली. रडत रडत जेवली.

त्यानंतर दौलत आठवड्याला एक कागद आणून द्यायचा. दोन घरं तो काढायचा, दोन आमच्यासाठी रिकामी ठेवायचा. माणसाच्या तोंडातून एक फुगा काढायचा आणि फुग्यात अक्षरं नसायची, चित्र असायचं. माझ्या फुग्यात बैलगाडी आणि नदी, म्हणजे माहेरी नेऊ का. तिनं आपल्या घरात फुगा काढून त्यात वाकडंतिकडं जातं काढलं, म्हणजे आत्ता नको, दळण आहे. अशी आमची बोली होती. वर्षाभरात ती मराठी शिकली, मी थोडी तेलुगू शिकलो, आणि कागद लागेनासा झाला.

पण दौलतला ती चटक लागली. जिनाच्या फाटकाबाहेर पाण्याच्या टाक्याजवळच्या भिंतीवर, बाजाराच्या आदल्या दिवशी, तो मोठा कागद चिकटवू लागला. त्यात एक 'तो' आणि एक 'ते'; आमच्याकडं 'ती'ला 'ते' म्हणतात. दोघांना नावं नव्हती. दोघांची भाषा वेगळी, गाव वेगळं, रीत वेगळी. पलीकडच्या बाया पायाला हळद लावतात, तशी ती लावते आणि सासूला वाटतं सून पुन्हा बोहल्यावर चढते की काय. तो लाजून तिच्याकडं पाठ करून बसतो आणि ती समजते हा रागावला, म्हणून पोटली बांधते. चौथ्या घराशी गोष्ट अडवून ठेवायची आणि पुढच्या बाजारापर्यंत लोकांना लटकवायचं.

आमच्या जिनात मराठी, तेलुगू, गोंडी, गोरबोली, हिंदी सगळं चालायचं. फुग्यात अक्षरं नव्हती म्हणून ते सगळ्यांना वाचता यायचं. डोक्यावर पाटी घेऊन बाया उभ्या राहायच्या. मुकादम ओरडायचा आणि मग स्वतःच मागून मान लांब करायचा.

"पेंटर, याइचं लगन कवा लावतं?"

"लावलं तं तुमी उद्याच लेकरू मागान, मुकादम."

"अबे, पण पोरगी किती दिवस उंबऱ्यात उभी ठेवतं?"

"तुमी घरात घ्याले तयार असान तवा घेतो."

असा तो. वाकडं बोलायचा आणि बरोबर बोलायचा. ती तीन-चार वर्षं मला वाटतं त्याची सगळ्यात बरी गेली.

एकसष्टच्या आसपासचा हंगाम असेल. दोन कोसावरच्या तांड्यातून गोरांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, बाया कापसातला कचरा वेचायला येऊ लागल्या. त्यांत गोमली होती, आपल्या भोजाईसोबत, म्हणजे भावजयीसोबत यायची. लग्न व्हायचं होतं. तांड्यातले पुरुष बाजारात मराठी, हिंदी सगळं बोलतात. गोमलीला आमचं बोलणं समजायचं, पण तिच्या तोंडून निघायची ती गोरबोलीच, तीही थोडी.

पहिल्या दिवशी ती त्या भिंतीपुढं उभी राहिली. चित्रातली विहीर बघितली, पुढं झाली, आणि दोरावर बोट ठेवून मान हलवली. दौलतनं दोर चाकाच्या उलट्या अंगानं काढला होता. सगळ्यांसमोर त्यानं तेवढा भाग खोडला आणि नव्यानं काढला. मी त्याला इतका खूश कधी बघितला नव्हता.

"नरसू, मले भांडणारं गिऱ्हाईक भेटलं."

मग रोजचं झालं. दुपारच्या सुट्टीत तो काढायचा, ती बोट ठेवायची. बैलाची शिंगं, फेटियाची म्हणजे त्यांच्या घागऱ्याची घडी, चुलीचं तोंड. बोलणं नाही. भोजाई चार पावलांवर बसून सगळं बघायची, म्हणून कोणी बोट ठेवावं असं त्यात काही नव्हतं. एकदा त्यानं कागदावर फक्त एक घर काढलं, खरं घर, कुडाच्या भिंतीचं, दारात एक माणूस एकटाच उभा. पेन्सिल तिच्यापुढं केली. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि त्या घराच्या छपरावर धूर काढला. घरातून धूर निघतो म्हणजे आत चूल पेटलीय, म्हणजे आत बाई आहे. पेन्सिल ठेवून ती गेली. तो कागद दौलतनं मला दाखवला आणि लगेच घडी घालून खिशात ठेवला.

म्हणालो, "लेका, तांड्यातली हाय. जपून."

"मी काय पळवून राह्यलो काय? इचारीन सरळ."

विचारायच्या आधीच त्यानं चूक केली. जगातलं सगळं बघणारा माणूस, आणि हेच त्याला दिसलं नाही.

गोरांच्या लग्न झालेल्या बाया केसांत दोन्ही कानांशी चांदीची घुगरी बांधतात आणि कोपराच्या वर चुडो भरतात. कुवाऱ्या पोरी ते दोन्ही घालत नाहीत. बाजारात दौलतनं ज्या बाया बघितल्या त्या बहुतेक लग्नाच्याच, दागिन्यांनी भरलेल्या. गोमलीचे केस आणि दंड रिकामे. त्याला वाटलं, बापाची ऐपत नसेल. बिचारीला चित्रात तरी भरभरून द्यावं. म्हणून त्या आठवड्याच्या कागदावर त्यानं 'ते' बदलली. गोमलीचं तोंड, तिच्या हनुवटीवरचं गोंदण, अंगात आरशांची काचळी, केसांत घुगरी, दंडात पांढरा चुडो. शेजारी 'तो', आणि त्याला तोंड दिलं होतं स्वतःचं. मला विचारलं असतं तरी मी थांबवलं नसतं. मलाही माहीत नव्हतं.

बाया आल्या. गोमलीनं चित्र बघितलं आणि तिनं दोन्ही हातांनी आपले दंड झाकले. भोजाईनं तिचा हात धरला आणि पाटी तिथंच टाकून घेऊन गेली. दौलत माझ्याकडं बघून म्हणाला, "आवडलं नाही काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्याचा नायक आला. म्हातारा, पांढरं पागोटं, हातात काठी. सोबत गोमलीचा बाप आणि भाऊ. भाऊ दात खात होता, नायकानं त्याला मागं उभं केलं होतं. नायक चित्रासमोर उभा राहिला.

"पेंटर, हे आमच्या पोरीचं तोंड हाय."

"हो, बाबा."

"तिच्या केसात घुगरी कोणी बांधली?"

"मी काढली. सुंदर दिसते म्हणून."

"तुमच्यात मंगळसूत्र सुंदर दिसते म्हणून कोणी कोणाच्या पोरीच्या गळ्यात टाकते काय?"

तेव्हा दौलतला कळलं. त्याचं तोंड उतरलं. जांभळी जीभ बाहेर आली, ओठावरून फिरली, आत गेली. त्यानं पुढं होऊन कागद भिंतीवरून सोलून काढला. मग म्हणाला, "बाबा, चूक झाली. पण मले तिच्याशी लगन करायचं हाय. खरं सांगतो."

बापानं कपाळावर हात मारला. भाऊ पुढं झाला. नायकानं काठी आडवी धरली. म्हणाला, "असं हमरस्त्यात मागत नाहीत. सोमवारी नसाब बसवतो." नसाब म्हणजे त्यांची पंचायत. "ये. पण एकटा येजो नोको. तुह्या मागं बोलणारा माणूस घेऊन ये. ज्याच्या मागं माणूस नाही त्याले आम्ही पोरगी देत नाही अन् त्याचं ऐकतही नाही. उद्या पोरगी रडली तं आम्ही कोणाच्या दारात जाचं?"

रास्त बोलला म्हातारा. आजही मला त्यात खोट दिसत नाही.

भावांकडं दौलतनं निरोप धाडला नाही. संध्याकाळी माझ्याकडं आला. "नरसू, तू चाल. बोलू नोको काही. नुसता बस माह्या मागं."

"येतो," मी म्हणालो. राजव्वा तिथंच होती. तिनं ऐकलं.

आणि मी गेलो नाही. कारणं होती. माय म्हणाली, "दुसऱ्याच्या जातीतल्या भांडणात भावकी म्हणून बसशीन, तं उद्या तुह्या पोरीले कोण करीन?" मुकादम म्हणाला, मारामारी झाली तर जिनात पाय ठेवू नको. दोन्ही खरं. पण सोमवारी मी घरातून निघालो नाही ते भ्यालो म्हणून. ताप आहे असा निरोप पाठवला. ताप नव्हता.

दौलत एकटा गेला. तिथं काय झालं ते मला नंतर तांड्यातल्याच एका गाडीवानानं सांगितलं. लिंबाच्या झाडाखाली सगळे बसले होते. दौलतनं गुंडाळी सोडली. चार दिवस बसून त्यानं सगळं म्हणणं चित्रात काढून नेलं होतं. पहिल्या घरात तो चूक करतो, चित्रातल्या पोरीला घुगरी घालतो. दुसऱ्या घरात नायकाच्या पाया पडतो. तिसऱ्यात कुडाचं घर, धूर. चौथ्यात फक्त दोघं, शेजारी शेजारी, आणि फुगे दोघांचे रिकामे. म्हाताऱ्यांनी कागद हातोहात फिरवला. कोणी हसलं नाही. एकानं तर डोळे पुसले म्हणे. कागद नायकाकडं आला, त्यानं नीट गुंडाळी करून दौलतच्या हातात परत दिली.

"चित्र चांगलं हाय. तुह्या मागं कोण हाय?"

दौलतनं मागं वळून बघितलं. गाडीवान म्हणाला, त्यानं खरंच वळून बघितलं, जसं काही कोणी उशिरा येणार होतं.

पंधरा दिवसांत गोमलीला बोरी अरबकडच्या एका तांड्यात देऊन टाकलं.

मला ताप नव्हता हे राजव्वाला माहीत होतं. तिनं मला शिव्या दिल्या. तेलुगूत दिल्या, आणि तोवर मला तेलुगू चांगली कळत होती. मग महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. भाकर वाढायची आणि तोंड फिरवायची. माय म्हणायची, आता काय झालं या पोरीला. मी काही सांगितलं नाही.

दौलत जिनात येत राहिला. माझ्याशी बोलायचा. चहा पाजायचा. मला ताप कसा आहे असं त्यानं विचारलं, आणि मी बरा आहे म्हणालो. त्यानं 'काहून नाही आला' एवढं विचारलं असतं तर मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं. त्यानं विचारलं नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी बाया पाट्या घेऊन टाक्याजवळ उभ्या राहायच्या. भिंत कोरी. एक म्हातारी त्याला म्हणाली, "बाप्पा, त्या दोघाचं पुढं काय झालं?"

"गावाले गेले," दौलत म्हणाला.

हंगाम संपला तसा तोही गेला. सांगून गेला नाही.

त्यानंतर एकदाच दिसला. पाच-सहा वर्षं झाली असतील. राजव्वाचं पोटाचं दुखणं दाखवायला आम्ही यवतमाळला चाललो होतो. बोरी अरबला मोटार तापली म्हणून ड्रायव्हरनं उभी केली. समोर दवाखान्याची भिंत, भिंतीला शिडी, आणि शिडीवर दौलत. केस पिकले होते. सरकारचं लहान कुटुंबाचं चित्र रंगवत होता, नवरा, बायको, दोन पोरं. त्या काळात गावोगाव तेच चित्र होतं.

राजव्वा माझ्या आधी उतरली. "दौलतभाऊ!"

तो खाली आला. "वहिनी. नरसू. पोरंबाळं?"

"तीन," मी म्हणालो. "तू इकडं कसा?"

"सरकार धाडते तिथं जातो. या जिल्ह्यातल्या भिंती माह्याकडं हाय."

राजव्वा आडपडदा ठेवणारी नव्हती. "ते गोमली इकडंच दिली होती ना?"

"इकडं लई तांडे हाय, वहिनी," तो म्हणाला आणि ब्रश डब्यात फिरवू लागला.

मी भिंतीकडं बघितलं. बाईला डोळे, नाक, तोंड सगळं नीट होतं. पण हात रिकामे, गळा रिकामा, कपाळ रिकामं. लुगड्याला काठ नाही. मी म्हणालो, "बाई अशी भुंडी काहून?"

"साहेबानं सांगतलं. बाई कोणत्याच जातीची, कोणत्याच गावची वाटली नाही पायजे. नाही तं लोक भांडतेत." त्यानं ब्रश डब्याच्या काठावर निपटला. "सोपं काम हाय. चुकत नाही."

त्याची जीभ बघितली मी. साधी होती, सगळ्यांसारखी.

मला बोलायचं होतं. पाच वर्षं मी ते वाक्य तोंडात घोळवत होतो: दौलत, मले ताप नव्हता. एवढंच. पण कंडक्टरनं घंटी मारली, राजव्वा चढली, आणि मी चढलो. हे कारणही खोटं आहे. मोटार आणखी थोडी थांबली असती.

तो परत शिडीवर गेला. मोटार हलली तेव्हा मी राजव्वाच्या अंगावरून वाकून खिडकीबाहेर हात काढला. त्याच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात ब्रश. त्यानं मान हलवली की नुसता भिंतीकडं वळला, ते धुळीत मला दिसलं नाही. राजव्वा खिडकीशी होती. तिला दिसलं असेल. यवतमाळ येईपर्यंत ती बाहेरच बघत बसली, आणि मी तिला विचारलं नाही.